खालच्या टाकीतला आवाज

बादली बघितली तेव्हाच मी त्या सगळ्या फिल्मवाल्यांना हाकलून द्यायला हवं होतं. नाल्यातला गाळ होता तिच्यात. काळा, बुळबुळीत, वर एक फाटकी पिशवी आणि कसल्यातरी केसांचा गुंता. डिरेक्टरच्या माणसाने ती बादली आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, जमिनीखालच्या टाकीच्या झाकणापाशी आणून ठेवली आणि हातमोजे चढवत मला म्हणाला, "मॅडम, जरा बाजूला व्हा ना. टाकीला लूक द्यायचाय."

शी! आदल्या रविवारी मी स्वतः त्या टाकीत उतरून ब्लीचिंग पावडरने भिंती घासल्या होत्या. गुडघे सोलवटले, डोळ्यांतून पाणी आलं, पण टाकी अशी लख्ख केली की आत बसून जेवावं. डिरेक्टरने आत डोकावून बघितलं आणि त्याचा चेहराच पडला. "अगं, हे फार क्लीन आहे यार. अंडरग्राउंड वाटतच नाही. मला रॉ हवंय." मग त्याचा माणूस रिक्षा करून गेला आणि बादलीभर रॉ घेऊन आला.

आता टाकीचं सांगते, नाहीतर वाटेल बाई वेडी आहे. बदलापूरला कात्रपमधल्या आमच्या बिल्डिंगला जमिनीखाली दोन टाक्या आहेत. एकीत पाणी येतं आणि तिथून पंपाने गच्चीवर चढतं. दुसरीला तडा गेलाय. तिच्या दुरुस्तीचा विषय दर मीटिंगला निघतो आणि चहाबरोबर संपतो, त्यामुळे ती वर्षानुवर्षं कोरडीच आहे. एकदा प्लंबर बघायला आला होता म्हणून झाकण उघडं होतं, त्यात माझी स्कूटीची किल्ली पडली. मी शिडीने उतरले आणि वैतागून ओरडले, "कुठे मेली ही किल्ली!" माझाच आवाज चारही भिंतींवर आपटून असा काही परत आला की किल्ली राहिली बाजूला, मी तिथेच उभी. त्या दिवसापासून ती टाकी माझी. सेक्रेटरीकाकांना विचारलं, तर म्हणाले, "उतर बाई, पण पडलीस तर सोसायटी जबाबदार नाही."

दिवसा मी बदलापुरातच एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. दिवसभर आतून मशीनची घरघर आणि डॉक्टरमॅडमचं "चूळ भरा, थुंका" ऐकत असते. संध्याकाळी घरी आले की टाकीत उतरते आणि गाणी करते. गाणी म्हणजे पेटी-तबला घेऊन म्हणतात तसली नाहीत. रोज कानावर पडणारं बोलणं मी फोनवर पकडते, तेच तेच पुन्हा लावते आणि त्यावर ओरडते, कुजबुजते, कण्हते. माझं सगळ्यात चाललेलं गाणं आहे 'थुंका'. त्यात तेवढा एकच शब्द आहे. नेटवर खोट्या नावाने टाकते. ऐकणारे मोजकेच, पण मन लावून ऐकतात. अधूनमधून उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये एका सिंधी मित्राच्या जीन्सच्या गोडाऊनमध्ये आम्ही असे सगळे विक्षिप्त लोक जमतो आणि गठ्ठ्यांवर बसून एकमेकांचं ऐकतो. तो मित्र मला 'अदी' म्हणतो, म्हणजे ताई. माझं गाणं सुरू झालं की कानात बोटं घालतो, पण जागा देतो बिचारा.

याला म्हणे अंडरग्राउंड आर्टिस्ट म्हणतात. मला ठाऊक नव्हतं, डिरेक्टरनेच सांगितलं. आमच्याकडे त्या शब्दाचा जो काही चिवडा झाला तो विचारू नका. सेक्रेटरीकाकांनी बोर्डावर लिहून टाकलं, 'आपल्या अंडरग्राउंड टाकीतील कलाकार यांच्यावर फिल्म बनत असून सभासदांनी झाकणावर गाड्या लावू नयेत.' त्यांच्या हिशेबाने मी टाकीत गाते म्हणून अंडरग्राउंड. गच्चीवरच्या टाकीत गायले असते तर ओव्हरहेड झाले असते. आणि जांभूळ गावाहून मामा तर धावतच आला. दारातूनच विचारतो, "अंडरग्राउंड म्हंजे काय गो? पोलीस शोधतान का तुला?"

मामाचा हा 'गो' लक्षात ठेवा, पुढचा सगळा राडा त्याच्यावरून झाला.

आई जांभूळची. बाबाही तिथून चार पावलांवरच्याच गावचे, घरी शेती, घरात तीच बोली. पण बाबा शिकले, अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर झाले, कॉलनीत क्वार्टर मिळालं, आणि गाव त्यांच्या जिभेवरून साफ पुसलं गेलं. आईला मात्र ते काही जमेना. कॉलनीतल्या ऑफिसरांच्या बायका हळदीकुंकवाला आल्या की आई आपली मोकळेपणाने सुरू व्हायची, "बस गो, अशी काय उभी?" की आतल्या खोलीतून बाबांचं खाकरणं यायचं. 'हं-ह्हं.' एवढंच. रागावणं नाही, ओरडणं नाही. बायका गेल्या की शांतपणे म्हणायचे, "गं म्हणायचं. गो नाही." आई मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गो. पुन्हा हं-ह्हं. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच बाबांना खोकला असतो.

त्या खाकरण्याचा परिणाम आईच्या भाषेवर झाला नाही. तो झाला भलतीकडेच. कोणी कॅमेरा उचलला की आई ओठ घट्ट मिटून घ्यायची. माझ्या भावाच्या लग्नाच्या अख्ख्या व्हिडिओत ती आहे, नथ घालून, शालू नेसून, हसते आहे, आणि एक अक्षर बोलत नाही. वाढदिवसांचे, सहलींचे, कसलेही व्हिडिओ काढून बघा, आई मुकी. ती गेली त्यानंतर मी सगळ्यांचे फोन धुंडाळले. कुठेही तिचा आवाज नाही.

एक जागा सोडून. माझ्या पहिल्या गाण्यात आहे. बाबा रिटायर होऊन आम्ही कात्रपला आलो होतो. मी टाकीत बसून काहीतरी गुणगुणत होते, फोन चालू होता, शेजारचा पंप भणभणत होता, आणि वरून झाकणातून आईने हाक मारली, "ये गो वर! चा निवला!" मी चिडून ओरडले, "अगं थांब ना, रेकॉर्ड होतंय!" त्यावर ती म्हणते, "होऊ दे रेकॉर्ड. चा निवला गो!" आणि तिच्या मागून, पार्किंगमधून, बाबांचं खाकरणं. हं-ह्हं. शेजारीपाजारी ऐकतील ना! मी ते सगळं तसंच ठेवलं आणि त्याचंच गाणं केलं. बाबांनी ते कधी ऐकलं नाही. माझ्या गाण्यांना ते 'तुझं ते ओरडणं' म्हणतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात.

तर हा डिरेक्टर. गोडाऊनमधल्या एका जमण्याला आला होता. मुंबईचा, तिशीचा, बोलायला गोड, दाढी अशी कोरलेली की वस्तऱ्याला घाम फुटावा. म्हणाला, तुझ्यावर फिल्म करायचीय, पण माझी नाही, तुझीच. आत्मचरित्रात्मक. तूच बोलणार, तूच सांगणार तू कशी घडलीस. मी म्हटलं, मला नाही जमणार. मग त्याने ते पहिलं गाणं ऐकलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "फिल्म तुझ्या आईच्या हाकेने सुरू होईल. काळा पडदा, आणि तिचा आवाज."

इथे मी फसले. आईचा आवाज मोठ्या पडद्यावर, अंधारात, लोक गप्प बसून ऐकतायत. जन्मभर कॅमेऱ्यासमोर तोंड मिटून बसलेली माझी आई. मला दुसरं काही नको होतं, खरंच. त्यासाठी मी पुढचं सगळं नाक दाबून सहन केलं.

सगळं म्हणजे काय काय सांगू! 'तूच बोलणार' म्हणाला आणि माझं बोलणं स्वतःच लिहून आणलं. पहिलं वाक्य, 'मी अंधारातून आले.' मी म्हटलं, मी कात्रपमधून आले, लाईट आहेत आमच्याकडे. मला नाल्याच्या काठी उभं केलं. मी कधी जन्मात तिथे उभी राहिले नव्हते, कोण राहील? वास असा की पदर नाकाला लावला, तर म्हणतो, "पदर काढ, तुला याची सवय आहे." सवय! माझ्या आयुष्याची माहिती हा मला देत होता. दवाखान्यात आला आणि थुंकायच्या बेसिनवर कॅमेरा लावून बसला. एका आजोबांची दाढ काढली होती, रक्त-लाळ सगळं पडतंय आणि हा पुटपुटतोय, "ब्युटिफुल." मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की माझी नोकरी गेलीच समजले मी. घरात आला तर बाबांचा इस्त्रीचा शर्ट बदलायला लावला, बनियनवर बसवा म्हणाला. बाबा, ज्यांनी अख्ख्या हयातीत दूधवाल्यासमोरही बनियनवर दार उघडलं नाही! ते उठले आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मग ती बादली. डिरेक्टरच्या माणसाने हाताने गाळ काढून भिंतींना फासला, माझ्या घासलेल्या भिंतींना. सेक्रेटरीकाका पायजम्यावर धावत आले, "अहो शेजारच्या टाकीत प्यायचं पाणी आहे! आमच्या पोटात जायचंय ते!" तेवढं डिरेक्टरने ऐकलं आणि त्या बाजूची भिंत सोडून बाकी तीन फासल्या. मी त्यात बसले. गाळाचा ओघळ माझ्या पाठीमागून सरकत खाली येत होता, तो ब्लाउजच्या गळ्यात गेला. थंड, चिकट. मी तोंडाने श्वास घेत गायले, आणि मनात एकच धरून ठेवलं, काळा पडदा, आईची हाक, काळा पडदा, आईची हाक. वर आल्यावर पार्किंगच्या नळाखाली साबणाची अख्खी वडी संपवली. तरी दोन दिवस जेवण गेलं नाही.

फिल्म पुरी झाली तशी डिरेक्टरने आम्हालाच आधी दाखवायची ठरवली, 'आपल्या लोकांत', गोडाऊनमध्ये. मी बाबांना सांगितलं. ते पेपर वाचत होते, वाचतच राहिले. मग मी म्हटलं, "सुरुवातीला आईचा आवाज आहे." त्यांनी पेपर खाली केला नाही. पण संध्याकाळी बघते तर इस्त्री तापत ठेवलेली आणि पांढरा शर्ट टेबलावर पसरलेला.

रविवारी दुपारी आम्ही कॅम्प पाचला पोचलो. मित्राने जीन्सचे गठ्ठे ओळीत लावून बसायला केलं होतं, समोर पांढरी चादर ताणली होती. बाबांसाठी मात्र ऑफिसातली खुर्ची आणली. "अदी, अंकलला गठ्ठ्यावर नको, पँटला निळा रंग लागतो," म्हणाला. शटर खाली ओढलं. अंधार झाला. चादरीवर काळं आलं.

बाबा माझ्या शेजारी. आणि मला ऐकू आलं, त्यांनी घसा तयार केला. खरं सांगते, आईचा आवाज येणार म्हटल्यावर इतक्या वर्षांची सवय त्यांच्या घशात आपोआप वर आली. हं-ह्हं म्हणायला ते तयार होऊन बसले होते.

आणि आवाज आला, "वर ये गं, बाळा. चहा गार होतोय."

गोड. स्वच्छ. रेडिओवरच्या बाईसारखा. पंप नाही, माझं चिडणं नाही, मागचं खाकरणं नाही. बाबांच्या घशातलं ते घशातच राहिलं.

आधी मला कळलंच नाही. मी येड्यासारखी वाट बघत राहिले, ही कोणीतरी दुसरी असेल, आई पुढे येईल. चादरीवर गाळाने भरलेली टाकी आली, मी आले, 'मी अंधारातून आले' आलं. आई आली नाही. मी उठले आणि त्या चादरीसमोर जाऊन उभी राहिले, माझ्या तोंडावर माझंच तोंड पडलेलं. "आई कुठाय?"

डिरेक्टरने फिल्म थांबवली. अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला, "अगं, तो ओरिजिनल ट्रॅक वापरण्यासारखा नव्हता. पंपाची घरघर, मागे कोणीतरी खोकतंय, आणि लँग्वेजही जरा… बाहेरच्या ऑडियन्सला आई म्हणून कनेक्ट व्हायला हवी ना? आपण डबिंग आर्टिस्ट घेतली. इमोशन तेच आहे."

भिंतीला घाण विकत आणून फासतो हा माणूस, आणि माझ्या आईचा आवाज धुऊन काढतो! मला किळस आली. त्या गाळाचीही आली नव्हती एवढी. तो गाळ निदान साबणाने निघाला.

मी काही बोलायच्या आत त्याने बाबांकडे मोर्चा वळवला. त्याला वाटलं असणार, म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून आलाय, शुद्ध बोलतो, हा आपल्या बाजूचा. "काका, तुम्हाला तर आवडलं ना? आता किती क्लिअर येतंय."

बाबा खुर्चीत सरळ बसले होते. दोन्ही हात मांडीवर.

"क्लिअर आहे," ते म्हणाले. "अख्खा संसार मी तिला 'गं' म्हणायला शिकवत होतो. शिकली नाही ती. तुम्ही कसं शिकवलंत?"

डिरेक्टर खूश झाला! देवाशप्पथ, खूश झाला. "काका, आर्टिस्ट एकदम प्रोफेशनल आहे, एका टेकमध्ये दिलं तिने." माझ्या मित्राने गठ्ठ्यावरून उतरून शटर वर केलं, कर्रर्र करून, आणि म्हणाला, "भाईसाब, चादर मेरी है, उतारो पिक्चर."

मी डिरेक्टरला एवढंच सांगितलं, गाणी माझी आहेत, मी ती कुणाला लिहून दिलेली नाहीत, त्यातलं एकही वापरायचं नाही. 'थुंका'सुद्धा नाही. तो म्हणाला, गाण्यांशिवाय ही फिल्म काय राहील? मी म्हटलं, गाळ राहील, तुझाच आहे, घेऊन जा. अजूनही त्याचे मेसेज येतात. मला मिठी मारणारे, हात जोडणारे बाहुले पाठवतो. मी उत्तर देत नाही.

बाहेर आलो तर ऊन कडक. बाबा रस्त्याने तरातरा चालत होते, रिक्षावाल्यांकडे बघतही नव्हते. कोपऱ्यावर चहाची टपरी होती, तिथल्या बाकावर टेकले. मी दोन चहा सांगितले. चहा आला, बाबांनी हातही लावला नाही.

"तुझ्याकडे आहे ते?" म्हणाले. "खरं?"

मी फोनवर पहिलं गाणं लावलं आणि त्यांच्या हातात दिला. रस्त्यावर हॉर्न, टेम्पो, कोणी सिंधीत भांडतंय, त्यामुळे त्यांनी फोन कानाला अगदी दाबून धरला आणि डोळे मिटले. पंपाची भणभण मला बाहेरही ऐकू येत होती. पहिली हाक गेली. माझं चिडणं गेलं. दुसरी हाक गेली. आता ते येणार म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं आणि ग्लासाकडे बघत बसले.

"हा मध्येच खाकरतोय तो कोण?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही."

गाणं संपलं तरी फोन कानालाच होता. मग त्यांनी तो माझ्यापुढे धरला, पुन्हा लाव म्हणून. मी लावलं. संपलं. पुन्हा लावलं. टपरीवाला ग्लास न्यायला आला, भरलेले बघून परत गेला. किती वेळा ऐकलं कोण जाणे, पण शेवटी बाबांनी फोन शर्टाला पुसून माझ्या हातात दिला. त्यांचं लक्ष माझ्या ग्लासाकडे गेलं, वर जाड साय धरली होती.

"पी आता," ते म्हणाले. तोंड दुसरीकडे वळवलं, घसा साफ करायला गेले आणि मध्येच थांबले. "चा निवला गो तुझा."